स्वरतंतूंचा कर्करोग : रोग जावा, आवाज राहावा

आवाज बसला की प्रत्येक घरात उपाय तयार असतात. मिठाच्या गुळण्या, हळदीचे दूध, ज्येष्ठमधाची कांडी, खडीसाखर आणि लवंग. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आवाज मोकळा होतो आणि त्याचे श्रेय या उपायांना मिळते. त्यात वावगे काही नाही. सर्दीपडशाने किंवा लग्नकार्यातल्या ओरडाआरड्याने बसलेला आवाज विश्रांतीने सुटतोच. परंतु तीन आठवडे उलटले, सर्दीही गेली आणि आवाज मात्र घोगराच राहिला, तर घरगुती उपायांची मुदत संपली असे समजावे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तर एक दिवसही अधिक थांबू नये.

अशा प्रत्येक घोगऱ्या आवाजामागे कर्करोग असतो असे मुळीच नाही. बहुतेकांत तो नसतोच. पण ज्या थोड्यांत असतो, त्यांच्यासाठी हे तीन आठवडे फार मोलाचे ठरतात. स्वरतंतूंचा कर्करोग आरंभीच सापडला तर शंभरातील सुमारे नव्वद रुग्णांत तो आटोक्यात येतो. एवढेच नव्हे, तर उपचार कोणता घ्यावा याची निवडही रुग्णाच्या हाती उरते. रोग वाढल्यावर ही निवड एकेक करून संपत जाते. म्हणून ही निवड नेमकी कशाकशात करायची असते आणि ती कशाच्या आधारे करावी, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा समजून घ्यायला हवे.

तंतू नव्हे, घड्या

‘स्वरतंतू’ हे नाव थोडे फसवे आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या कंठमण्याच्या आत, श्वासनळीच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंनी आत आलेल्या या दोन मऊ घड्या आहेत. पुरुषांत त्यांची लांबी साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत, तर स्त्रियांत त्याहून कमी असते. पुढच्या बाजूला दोन्ही घड्या एका बिंदूत मिळतात, मागच्या बाजूला त्या हलत्या कूर्चांना जोडलेल्या असतात. श्वास घेताना त्या दूर होतात, बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने कंप पावतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हा कंप सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, तर स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास होतो.

या घडीची रचना थरांची आहे. सर्वांत वर पातळ आवरण, त्याखाली लोण्यासारखा मऊ थर, मग बळकट अस्थिबंध आणि सर्वांत आत स्नायू. आवाजाचा गोडवा मुख्यतः वरच्या दोन थरांच्या मोकळ्या लहरण्यावर अवलंबून असतो. हा तपशील ध्यानात ठेवावा. शस्त्रक्रियेत किती खोलवर जावे लागले यावर पुढचा आवाज ठरतो, तो याच कारणाने.

या रचनेमुळे रोग्याला दोन गोष्टी अनुकूल ठरतात. पहिली अशी की, एवढ्या नाजूक घडीवर चार-पाच मिलिमीटरची गाठ आली तरी कंप बिघडतो आणि आवाज लगेच चाहूल देतो. पोटातला किंवा फुप्फुसातला रोग महिनोन्‌महिने मुका राहतो, हा मात्र आरंभापासून बोलतो. दुसरी अशी की, घडीच्या कडेशी लसीकावाहिन्या फारच विरळ असतात. त्यामुळे आरंभीच्या अवस्थेत रोग मानेतल्या गाठींकडे क्वचितच पसरतो, आणि उपचार त्या लहानशा जागेपुरता मर्यादित ठेवता येतो.

डॉक्टरांच्या कागदावर ‘टी-१’ किंवा ‘टी-२’ असे लिहिलेले आढळेल. रोग केवळ वरच्या आवरणातच असेल तर त्याला ‘इन सिटू’ म्हणतात. एकाच घडीवर असेल तर ‘टी-१ ए’, दोन्ही घड्यांवर असेल तर ‘टी-१ बी’. या दोन्हींत घड्या नेहमीसारख्या हलतात. रोग घडीच्या वर किंवा खाली सरकला अथवा घडीची हालचाल मंदावली की ‘टी-२’. मानेत गाठ नसेल तर इथपर्यंतच्या रोगाला आरंभीची अवस्था मानतात. घडी पूर्ण जखडली की रोग पुढच्या टप्प्यात गेला.

आधी निदान, तेही पक्के

स्वरयंत्र जिवंत माणसात पाहण्याची युक्ती लोकप्रिय केली ती कोणा वैद्याने नव्हे, तर गायनाच्या शिक्षकाने. मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनगुरूने १८५४ मध्ये दंतवैद्याच्या आरशासारखा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. आज तेच काम नाकातून सरकवलेली बारीक दुर्बीण बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत करते. त्यासाठी भूल लागत नाही. शंकास्पद जागा दिसली तर मात्र रुग्णाला पूर्ण भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली स्वरतंतू नीट न्याहाळून तिथला तुकडा तपासणीला पाठवावा लागतो. हीच बायोप्सी. रोग दोन्ही घड्यांच्या पुढच्या संगमाजवळ असेल किंवा हालचाल मंद असेल, तर तो कूर्चेपर्यंत गेला आहे का हे सीटी स्कॅनने पाहतात.

बायोप्सीच्या अहवालाविषयी एक ऐतिहासिक घटना प्रत्येक रुग्णाने ऐकण्याजोगी आहे. १८८७ च्या आरंभी जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज घोगरा झाला. बर्लिनचे शल्यविशारद एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांना कर्करोगाची शंका होती आणि गळा बाहेरून उघडून ती गाठ काढण्याची त्यांची तयारी होती. त्याच वेळी लंडनहून मॉरेल मॅकेंझी या घशाच्या नामांकित तज्ज्ञाला बोलावण्यात आले. त्यांनी तोंडावाटे तुकडे काढले आणि विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे रुडॉल्फ व्हिर्शो यांनी ते तपासले. त्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया रहित झाली. नोव्हेंबरात रोगाने आपले खरे रूप उघड केले. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. ९ मार्चला फ्रेडरिक सम्राट झाला आणि ९९ दिवसांचे राज्य करून १५ जूनला मरण पावला.

त्या काळची शस्त्रक्रियाच इतकी जोखमीची होती की ती केली असती तर तो वाचलाच असता, असे म्हणता येत नाही. पण त्यातला धडा आजही खरा आहे. ‘कर्करोग नाही’ हा अहवाल त्या तुकड्यापुरता असतो, संपूर्ण गाठीपुरता नसतो. अहवाल निर्दोष आला तरी आवाज सुधारत नसेल, गाठ तशीच दिसत असेल, तर पुन्हा तपासणी मागायला संकोचू नये.

तोंडावाटे लेसर शस्त्रक्रिया

आरंभीच्या रोगात आज सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया तोंडावाटे होते. बाहेर कुठेही काप नसतो. पूर्ण भूल दिल्यावर एक सरळ पोकळ धातूची नळी तोंडातून स्वरयंत्रापर्यंत नेऊन स्थिर करतात. बाहेर ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकातून डॉक्टर स्वरतंतू कित्येक पटींनी मोठा पाहतात आणि त्याच सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कार्बन डायऑक्साइड लेसरच्या किरणाने रोगट भाग कापून काढतात. स्वरयंत्रासाठी हा लेसर वापरण्याचे काम अमेरिकेतील बोस्टन येथे स्ट्रॉंग आणि याको यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणले. पाणी हा किरण शोषून घेते आणि पेशींत पाणीच अधिक असते, त्यामुळे काप अगदी उथळ आणि नेमका होतो, रक्तस्रावही अल्प होतो.

लेसरची ठिणगी आणि श्वासनळीतला प्राणवायू एकत्र येणे धोक्याचे, हे उघड आहे. म्हणून भूलतज्ज्ञ लेसरला दाद न देणारी खास नळी वापरतात, प्राणवायूचे प्रमाण कमी ठेवतात, भोवती ओल्या कापसाच्या पट्ट्या ठेवतात आणि रुग्णाचे डोळे झाकतात. या शस्त्रक्रियेचा सराव असलेली संपूर्ण चमू जिथे आहे तिथेच ती करावी, असे म्हणतात ते याचसाठी.

किती खोल काढायचे, यावरून या शस्त्रक्रियेचे प्रकार पाडलेले आहेत. युरोपीय तज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये मांडलेले हे वर्गीकरण आता सर्वत्र वापरतात. पहिल्या प्रकारात केवळ वरचे आवरण, दुसऱ्यात अस्थिबंधापर्यंतचा भाग, तिसऱ्यात स्नायूचाही काही हिस्सा आणि चौथ्यात त्या बाजूची संपूर्ण घडी काढतात. पाचव्यात शेजारचा भागही जातो. पुढच्या संगमासाठीचा सहावा प्रकार नंतर जोडला गेला. पहिल्या दोन प्रकारांनंतर आवाज बहुधा पूर्वीच्या जवळपास येतो. तिसऱ्यापासून पुढे तो कमीअधिक हवायुक्त, थकल्यासारखा आणि दुबळा होतो. आपल्या कागदावर प्रकाराचा आकडा असेल, तर तो आवाजाचा साधारण अंदाज देतो. म्हणून तो विचारून घ्यावा.

या पद्धतीचे लाभ मोठे आहेत. रुग्णालयात एक-दोन दिवसच राहावे लागते. सहसा गळ्याला छिद्र लागत नाही, अन्ननलिकेची नळीही लागत नाही. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येत असल्याने रोग पूर्ण निघाला की नाही याचा लेखी पुरावा मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, गरज पडली तर हीच शस्त्रक्रिया पुन्हा करता येते. स्वरतंतूंवर प्रत्येक मिलिमीटर मोलाचा असतो, म्हणून कडेने एक-दोन मिलिमीटरच निरोगी भाग काढतात. लेसरने कडा किंचित भाजतात, त्यामुळे कधी अहवालात कडा संशयास्पद येते. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन पाहण्याचा सल्ला मिळाला, तर घाबरून जाऊ नये. तो या उपचाराचाच भाग आहे.

मात्र ही शस्त्रक्रिया प्रत्येकाला करता येत नाही. सरळ नळी तोंडातून स्वरयंत्रापर्यंत पोहोचायला तोंड पुरेसे उघडावे लागते आणि मान मागे वळावी लागते. आपल्याकडे सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेले रुग्ण पुष्कळ असतात. दोन बोटेही तोंडात न मावणाऱ्या अशा रुग्णात स्वरतंतूचा पुढचा भाग दिसतच नाही. पुढे आलेले दात, आखूड जाड मान किंवा मणक्याचा त्रास यांनीही हीच अडचण येते. जे दिसत नाही ते पुरते काढता येत नाही. मग दुसरा मार्ग निवडणे हेच शहाणपणाचे असते.

पुढच्या संगमावरचा रोग हेही एक अवघड ठिकाण. तिथे कूर्चेवरचे संरक्षक आवरण नसते, त्यामुळे रोग कूर्चेत शिरण्याची शक्यता अधिक असते. शिवाय दोन्ही घड्यांच्या कडा एकाच वेळी कापल्या तर भरून येताना त्या एकमेकींना चिकटून पडदा तयार होतो आणि आवाज बराच बिघडतो. अशा रोगात निष्णात शल्यचिकित्सकांमध्येही मतभेद असतात. इथे दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

गळ्याच्या बाहेरून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया

लेसर येण्यापूर्वी गळ्यावर काप घेऊन, कंठमण्याची कूर्चा मध्यावर पुस्तकासारखी उघडून रोगट घडी काढत असत. रोग बरा करण्यात ही पद्धत चांगली होती, पण काही दिवस गळ्याला छिद्र आणि नाकातून नळी अपरिहार्य असे. लहान रोगासाठी तिची गरज आता क्वचितच पडते. तोंडावाटे रोग दिसतच नसेल किंवा रोग पुढच्या संगमातून पसरला असेल, तेव्हा अशा अंशतः स्वरयंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विचार होतो.

त्यांतली एक शस्त्रक्रिया निवडक ‘टी-२’ रुग्णांसाठी आणि किरणोपचारानंतर रोग उलटलेल्या काहींसाठी उपयोगी ठरते. तिच्यात दोन्ही स्वरतंतू आणि कंठमण्याची कूर्चा काढून, खालची वर्तुळाकार कूर्चा वरच्या हाडाशी सांधतात. मागच्या दोन हलत्या कूर्चांपैकी निदान एक राखलेली असते. तिच्या हालचालीवरच पुढे गिळणे आणि बोलणे चालते. रुग्णाला काही आठवडे गिळणे नव्याने शिकावे लागते आणि सुरुवातीला पाणी श्वासनळीत जाऊन ठसका लागतो. म्हणून फुप्फुसे बळकट असलेल्या रुग्णालाच ती सुचवतात. आवाज कायमचा खरखरीत होतो, पण तो स्वतःच्या श्वासावर चालणारा असतो आणि गळ्याचे छिद्र कायम राहत नाही.

संपूर्ण स्वरयंत्र काढणे हा आरंभीच्या रोगावरचा पहिला उपाय नव्हे. ‘टी-१’ असलेल्या रुग्णाला कोणी थेट हेच सुचवले, तर निर्णयापूर्वी कर्करोगाच्या मोठ्या केंद्रात जरूर विचारावे.

शस्त्रक्रियेचा तुल्यबळ पर्याय

शस्त्रक्रियेचा विचार करताना किरणोपचार, म्हणजे रेडिएशन, बाजूला ठेवता येत नाही. आरंभीच्या रोगात तो एकटाच पुरेसा असतो आणि त्याचे यश लेसरच्या तोडीचे आहे. आठवड्याला पाच दिवस, साडेपाच ते सात आठवडे, रोज काही मिनिटे गळ्याच्या लहानशा भागावर किरण सोडतात. भूल लागत नाही, काप नाही. घसा दुखणे, गिळताना जळजळ, गळ्याची त्वचा काळवंडणे आणि आवाज आणखी बसणे हे त्रास मध्यावर सुरू होऊन उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतात. मानेतल्या गाठींवर किरण द्यावे लागत नसल्याने लाळग्रंथी बहुतांशी बचावतात.

आवाज कोणत्या उपचाराने चांगला राहतो? फिनलंडमध्ये एकाच घडीवर रोग असलेल्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून लेसर आणि किरणोपचार यांची तुलना केली गेली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत आवाजाचा एकूण दर्जा साधारण सारखा होता. पण लेसर गटात आवाज अधिक हवायुक्त होता आणि दोन वर्षांनी रोजच्या जगण्यात घोगरेपणाचा जाच किरणोपचार गटाला कमी वाटत होता. म्हणजे खूप बोलावे लागणाऱ्या माणसासाठी, विशेषतः खोल काप लागणार असेल तर, किरणोपचाराचे पारडे जड होऊ शकते. अगदी उथळ रोगात मात्र हा फरक फारसा उरत नाही.

उलट बाजूही आहे. त्याच जागी पूर्ण मात्रेचे किरण साधारणपणे एकदाच देता येतात. त्यानंतर रोग उलटला तर किरणांनी कडक झालेल्या ऊतींतून तो शोधणे आणि काढणे कठीण होते, आणि अनेकांना स्वरयंत्र गमवावे लागते. लेसरनंतर रोग उलटला तर पुन्हा लेसर, किरणोपचार आणि बाहेरून शस्त्रक्रिया हे तिन्ही मार्ग सहसा मोकळे असतात. एकाच घडीवरच्या रोगात लेसरने सुरुवात केलेल्यांमध्ये अखेरपर्यंत स्वरयंत्र टिकण्याचे प्रमाण अनेक अभ्यासांत काहीसे अधिक आढळले आहे, त्याचे कारण हेच.

निवड कशी करावी

पहिला उपचार निवडताना केवळ ‘यशाची टक्केवारी किती’ एवढेच विचारणे पुरेसे नाही, कारण ती जवळजवळ सारखीच आहे. रोग नेमका कुठे आणि किती खोल आहे, माझे जगणे कसे आहे, आणि हा उपाय फसला तर माझ्या हाती काय उरेल, या तीन प्रश्नांनी खरी निवड होते.

समजा, घडीच्या मध्यभागी उथळ रोग असलेला, गावाकडचा पन्नाशीतला शेतकरी आहे. किरणोपचाराचे केंद्र त्याच्या घरापासून दीडशे किलोमीटरवर आहे. सहा आठवडे शहरात खोली घेऊन राहणे, सोबतीला घरचा एक माणूस अडकणे आणि शेतीचा हंगाम बुडणे त्याला परवडणारे नाही. त्याच्यासाठी दोन दिवसांची लेसर शस्त्रक्रिया सर्वार्थाने सोयीची आहे. त्याच जागी, पुढच्या संगमापर्यंत रोग पोहोचलेली आणि रोज पाच तास शिकवणारी शिक्षिका असेल, तर किरणोपचाराचा विचार आधी व्हावा. गुटख्याने तोंड आखडलेल्या रुग्णाला लेसरचा मार्गच बहुधा बंद असतो. हृदयविकारामुळे पूर्ण भूल धोक्याची असलेल्या ज्येष्ठांना किरणोपचार सुरक्षित ठरतो. चाळिशीतल्या माणसापुढे आयुष्याची तीन-चार दशके असतात, म्हणून किरणोपचाराचे अस्त्र पुढच्यासाठी राखून ठेवावे असे डॉक्टर सुचवतात.

एक तत्त्व मात्र सर्वांना लागू आहे. आरंभीच्या रोगात एकाच उपचारात काम भागेल अशी योजना करावी. शस्त्रक्रियाही आणि किरणोपचारही, असे दोन्ही आधीच ठरवून घेतले तर दोहोंचे त्रास पदरी पडतात आणि लाभ मात्र वाढत नाही.

डॉक्टरांना भेटायला जाताना घरातले एक शांत डोक्याचे माणूस सोबत न्यावे आणि पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

• माझा रोग ‘टी’ कितीचा आहे? पुढच्या संगमापर्यंत गेला आहे का?
• माझ्या तोंडावाटे संपूर्ण रोग दिसतो का? लेसरचा कोणता प्रकार लागेल?
• त्यानंतर माझा आवाज साधारण कसा असेल?
• हाच रोग किरणोपचाराने बरा होईल का? त्या विभागातील डॉक्टरांना मी भेटू शकतो का?
• रोग उलटला तर पुढचा मार्ग कोणता?
• या शस्त्रक्रिया आपण नियमित करता का?

शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल, पण चांगला डॉक्टर त्याचे उत्तर मोकळेपणाने देतो. शल्यचिकित्सक आपले शस्त्र आणि किरणोपचारतज्ज्ञ आपले यंत्र अधिक ओळखतो, हे स्वाभाविक आहे. म्हणून दोघांचेही ऐकावे. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत हे तज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा निर्णय घेतात. मुंबईत परळ येथे १९४१ पासून कार्यरत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात ही सोय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार समाविष्ट आहेत. रुग्णालय या योजनेत आहे का, याची चौकशी तिथल्या आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

उपचारानंतरचे दिवस

लेसरनंतर डॉक्टर काही दिवस मौन पाळायला सांगतात. या काळात कुजबुजणेही टाळावे. पाटी-खडू किंवा मोबाइलवर लिहून काम भागवावे. जखम भरायला काही आठवडे आणि आवाज स्थिर व्हायला तीन ते सहा महिने लागतात. त्यामुळे पहिल्या महिन्यातल्या आवाजावरून निराश होऊ नये. वाचा-उपचारतज्ज्ञांकडून श्वासाचे आणि स्वराचे व्यायाम शिकून घेतले तर पुष्कळ फरक पडतो. घडी भरून येताना पोकळी राहिली, तर तिला भरीव करण्याची छोटी शस्त्रक्रियाही नंतर करता येते.

कुटुंबाने करायची सर्वांत मोठी मदत म्हणजे घरातून विडी-सिगारेट हद्दपार करणे. या रोगाचे प्रमुख कारण धूरच आहे आणि जोडीला मद्य असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. उपचार चालू असताना धूम्रपान सुरू ठेवले तर किरणोपचाराचा परिणामही कमी होतो. शिवाय ज्या धुराने स्वरतंतू बिघडवला त्यानेच तोंड, अन्ननलिका आणि फुप्फुसेही पोसलेली असतात. तिथे दुसरा कर्करोग उद्भवण्याची भीती पुढेही राहते. रागावून, टोमणे मारून सवय सुटत नाही. व्यसनमुक्ती केंद्राची आणि औषधांची मदत घ्यावी.

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, पुढे हळूहळू अंतर वाढवत निदान पाच वर्षे दुर्बिणीची तपासणी चुकवू नये. ‘आता बरे वाटते, मग कशाला?’ हा विचार इथे महागात पडतो. रोग उलटला तरी लवकर सापडला तर पुन्हा बरा करता येतो, आणि बऱ्याचदा स्वरयंत्र राखूनच. तारीख दिनदर्शिकेवर घरातल्या दुसऱ्या कोणी लिहून ठेवावी आणि आठवणही त्यानेच करावी.

आपल्या घरात कोणाचा आवाज महिनाभर घोगरा आहे का, हे आज जेवायला बसाल तेव्हा कान देऊन ऐका. असेल, तर ज्येष्ठमध खुशाल द्या, पण याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणीही करून घ्या. बहुतेक वेळा डॉक्टर ‘काही नाही’ म्हणतील आणि आपण निर्धास्त घरी याल. काही निघालेच, तर पर्याय हाती असतानाच निघाले, हे समाधान लहान नाही.